रोजे सोपे झाले, ऊन नाही

"आता रोजे पूर्वीइतके जड जात नाहीत, ऊन कमी झालंय," असं कुपवाडमध्ये हल्ली कानावर येतं. पण सरकलाय तो महिना. चांद्र वर्ष सुमारे 11 दिवसांनी लहान असतं. म्हणून 2018 साली मे-जूनमध्ये असलेला रमजान 2026 मध्ये फेब्रुवारी-मार्चमध्ये आला.

ऊन मात्र वाढतंच आहे. भारतीय हवामान खात्याच्या नोंदींनुसार 1901 पासून देशाचं वार्षिक सरासरी तापमान शंभर वर्षांमागे 0.6 अंशाहून जास्त दराने वाढलं आहे. 2024 हे या नोंदींतलं सर्वात उष्ण वर्ष.

अर्धा-पाऊण अंश किरकोळ वाटतो. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. सर्व्हर सरासरी भाराने नाही, ऐन गर्दीच्या मिनिटाला बंद पडतो. माणसाचंही तसंच. सरासरी थोडी वर गेली की अतिउष्ण दिवस वाढतात. ते सोसतो एमआयडीसीच्या शेडमधला कामगार आणि पत्र्याच्या खोलीत चुलीपुढे बसलेली आई.

2010 च्या जीवघेण्या उष्णतेनंतर अहमदाबादने 2013 मध्ये उष्णता कृती आराखडा केला. आपल्या वॉर्डात पाणपोया किती, पत्र्यांना पांढरा रंग कधी, दवाखान्यात उष्माघाताची सोय काय, हे आपणही सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेला लेखी विचारू या.

2050 च्या सुमारास रमजान पुन्हा मे महिन्यात येईल. तेव्हा रोजे ठेवणारी आपली मुलं असतील. तयारीला तेवढाच वेळ आहे.