कमाई आणि उत्पन्न

वाचकहो, आम्ही मराठीचे मास्तर. करकायद्याशी आमचा संबंध आमचे स्वतःचे विवरणपत्र वेळेत भरण्यापुरता. तरीही या महिन्याचे पान त्या विषयास देत आहोत. आपल्या घरोघरची मुले अमेरिकेत आहेत, त्यांतील काहींच्या नोकऱ्या मधूनमधून जातात, आणि ते मात्र घरी कोणी कळवीत नाही.

२०२५ च्या दिवाळीत दांडिया बाजारातील एका जुन्या स्नेह्यांकडे आम्ही फराळास गेलो होतो. त्यांचा मुलगा आमचाच विद्यार्थी. गणितात हुशार, निबंधात आळशी. न्यू जर्सीत त्याचे बस्तान बसून अठरा वर्षे झाली. फराळ आटोपल्यावर त्याने आम्हांस हळूच आतल्या खोलीत नेले आणि एक पत्र पुढे केले. "सर, बाबांना यातलं काही ठाऊक नाही," तो म्हणाला. वडील बाहेर झोपाळ्यावर डुलक्या घेत होते.

पत्र अमेरिकेच्या केंद्रीय करखात्याचे होते. २०२३ च्या ऑगस्टात त्याची नोकरी गेली होती आणि पुढील वीस आठवडे त्याला बेकारी भत्ता मिळाला : आठवड्यास ८३० डॉलर, एकूण १६,६००. ही रक्कम त्याने विवरणपत्रात दाखविलीच नव्हती. राज्याकडून खात्याला तिची खबर परस्पर गेलेली होती. कुटुंबाच्या उत्पन्नाच्या टप्प्यास २२ टक्के दर लागू, म्हणजे ३,६५२ डॉलर कर, वर व्याज.

"सर, ही काय कमाई आहे? घरी बसून मिळालेले पैसे!"

आम्ही त्याला म्हटले, कमाई नव्हे हे कबूल, पण कायदा कमाई विचारीत नाही, तो उत्पन्न विचारतो. व्याकरणात हे दोन शब्द जवळचे वाटतात, विवरणपत्रात नाहीत.

मुलाची चूक अगदीच निराधार नव्हती. न्यू जर्सी राज्य या भत्त्यावर स्वतःचा कर घेत नाही. राज्याला नको ते केंद्रालाही नको, असे त्याने गृहीत धरले. शिवाय २०२० सालच्या भत्त्यापैकी माणशी १०,२०० डॉलरपर्यंतची रक्कम दीड लाख डॉलरहून कमी उत्पन्न असलेल्यांना माफ झाली होती. तो कायदा मार्च २०२१ मध्ये, पुष्कळांनी विवरणपत्रे भरून टाकल्यावर, आला. सवलत त्या एकाच वर्षापुरती होती, पण 'भत्ता करमुक्त असतो' ही समजूत लोकांच्या मनात मागे राहिली. पूर्वी तो खरोखरच करमुक्त होता. १९७९ पासून काहींच्या बाबतीत अंशतः, आणि १९८७ पासून सर्वांनाच पूर्णतः करपात्र झाला.

करावयाचे काम तसे लहान आहे. जानेवारीअखेर राज्याकडून '१०९९-जी' नावाचा कागद निघतो. पुष्कळदा तो टपालाने येत नाही, संगणकावरून आपणच उतरवून घ्यावा लागतो. त्याच्या पहिल्या चौकटीतील रक्कम '१०४०' या विवरणपत्राच्या पहिल्या परिशिष्टात, बेकारी भत्त्याच्या ओळीत लिहावयाची. चौथ्या चौकटीत आधीच कापलेला कर असतो, तो वजा मागण्यास विसरू नये. जास्त मिळालेला भत्ता त्याच वर्षी परत केला असेल तर तेवढा वगळून आकडा लिहावा आणि तसे नोंदवावे. कोणी आपल्या नावावर लबाडीने भत्ता उचलला असेल, तर राज्याकडून दुरुस्त कागद मागावा आणि प्रत्यक्ष मिळाले तेवढेच दाखवावे. भत्ता सुरू होतानाच दहा टक्के कर कापून घेण्याची मुभा असते. तंगीच्या दिवसांत ते जिवावर येते, हेही खरे.

पण आमच्या विद्यार्थ्याची अडचण चौकटींची नव्हती. तो गणितातला मुलगा, त्याला चौकटी कळतात. त्याला तो आकडा कोठे लिहून ठेवणेच नको होते. लिहिला की वीस आठवडे आपण बेकार होतो हे कागदावर येते. त्याला वाटे, आपण धर्मादाय घेतला. आम्ही त्याची जुनी पगारपत्रके पाहिली. न्यू जर्सीत कामगाराच्या वेतनातूनही या विम्याची वर्गणी कापतात. तशी कपात दर पगारात होती. "अरे, तूच भरलेस, तूच घेतलेस. यात लाज कसली?" असे आम्ही विचारले. तो काही बोलला नाही. पुढच्या जानेवारीत त्याला दुसरी नोकरी लागली होती, खात्याची रक्कमही तो भरून मोकळा झाला होता. तरी ते पत्र बरोबर घेऊन तो सात समुद्र ओलांडून आला होता.

एवढ्यात बाहेर झोपाळ्याची करकर थांबली. वडील दारात उभे होते.

"तेवीस सालच्या गणपतीला तू पैसे पाठवलेस, ते कुठले?"

"त्यातलेच, बाबा."

ते पुढे काही बोलले नाहीत. आम्ही चहा घेऊन उठलो तेव्हा मुलाशेजारी बसून, चष्मा लावून, ते तो १०९९-जी ओळीओळीने वाचीत होते.