सर्व्हर डाऊन : रीस्टार्ट म्हणजे दुरुस्ती नव्हे

३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरकडे धडकलं. वीज गेली, नेटवर्क गेलं. तेव्हा कामं अडकली, ते समजू शकतो. पण लख्ख उन्हात, वीज चालू असताना ‘सर्व्हर डाऊन’? मुरुड-म्हसळ्याच्या टोकाच्या वाडीतला माणूस दिवसाची मजुरी बुडवून एसटीने तालुक्याला येतो, आणि ऐकतो काय, तर ‘उद्या या’.

कारणं अनेक असतात. केबल तुटते, गर्दी होते. पण एक कारण निव्वळ हलगर्जीचं आहे.

जावातलं वेब अ‍ॅप टॉमकॅटसारख्या सर्व्हरवर चालतं. सर्व्हर बंद न करता नवी आवृत्ती चढवली, की जुनी मेमरीतून जायला हवी. प्रत्येक आवृत्तीचा क्लासलोडर वेगळा. आता आपल्या जेट्टीवरची होडी आठवा. एक दोर सोडायचा राहिला तरी आख्खी होडी धक्क्यालाच. इथेही तसंच. एखादा चालू राहिलेला थ्रेड, थ्रेडलोकलमध्ये विसरलेली वस्तू, डेटाबेस ड्रायव्हरची न काढलेली नोंद, एवढ्यावर संपूर्ण जुनी आवृत्ती अडकून राहते. असं पुन्हा पुन्हा झालं की मेमरी भरते आणि सर्व्हर बसतो.

२०१४ मध्ये जावा ८ आलं, ‘पर्मजेन’ जाऊन ‘मेटास्पेस’ आलं. त्याला मर्यादा घातली नाही तर ते मशीनची मेमरी खात जातं. म्हणजे रोग तोच, फक्त उशिरा कळतो.

इलाज महाग नाही. अ‍ॅप बंद होताना थ्रेड थांबवा, थ्रेडलोकल रिकामे करा, ड्रायव्हरची नोंद काढा. टॉमकॅट २०१० पासून अशा गळतीचा इशारा लॉगमध्ये लिहितोय. हीप डंप काढला तर नेमका कुठला दोर अडकलाय तेही दिसतं. पण लॉग वाचतो कोण? रीस्टार्ट मारला, झालं काम! दोर तसाच, पुढच्या महिन्यात परत तेच.

राज्यात लोकसेवा हक्क कायदा २०१५ पासून आहे. दाखला मुदतीत मिळणं हा आपला हक्क आहे, कोणाची मेहरबानी नाही. म्हणून माझं म्हणणं साधं आहे : यंत्रणा बंद पडली की कारण लेखी नोंदवा, आणि कंत्राटात ‘रीस्टार्ट’ला दुरुस्ती धरू नका.

मंडळी, माहिती अधिकारात दोनच गोष्टी मागा. वर्षभरात यंत्रणा कधी-कधी बंद होती त्याची नोंद, आणि कारणांचा अहवाल. अहवालच नसेल, तर तेही लेखी घ्या. पुढचं आपण बघू.