मातीच्या पत्रिकेतला गाळलेला रकाना

ऑक्टोबर सरता सरता दिल्लीच्या हवेचा निर्देशांक वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर येतो आणि थंडी ओसरेपर्यंत तिथून हलत नाही. अलीकडे मुंबई-पुण्याचे आकडेही त्या पंक्तीला बसू लागले आहेत. हे चांगलेच झाले. जे मोजले जाते त्याविषयी निदान बोलले तरी जाते. मात्र हवेत मोजलेले हे द्रव्य शेवटी जाते कुठे, असे फारसे कोणी विचारत नाही. त्यातला काही अंश आपल्या फुप्फुसांत उतरतो. उरलेला बराचसा भाग पावसाबरोबर, दवाबरोबर किंवा आपल्याच वजनाने खाली येऊन जमिनीवर बसतो, आणि ती जमीन बहुतेक वेळा कोणाचे तरी शेत असते.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये अधिसूचित केलेल्या हवेच्या राष्ट्रीय मानकांत बारा प्रदूषकांचा समावेश आहे. सल्फर डायऑक्साइड, नायट्रोजन डायऑक्साइड, दोन आकारांचे धूलिकण, ओझोन, कार्बन मोनॉक्साइड, अमोनिया, बेन्झीन आणि बेन्झोपायरीन यांच्याबरोबर शिसे, आर्सेनिक आणि निकेल हे तीन धातूही त्यात आहेत. आर्सेनिकची वार्षिक सरासरी मर्यादा घनमीटरमागे ६ नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचे सहा अब्जांश, इतकी बारीक आहे. २०१५ मध्ये राजस्थानातील सूरतगड येथून सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेतही, योगायोगाने, बाराच घटक आहेत: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल, बोरॉन, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. या बारांत शिसे नाही, कॅडमियम नाही, आर्सेनिक नाही. हवेतले आर्सेनिक नॅनोग्रॅममध्ये मोजण्याचा नियम असलेल्या देशात, आपल्या मातीत ते आहे की नाही हे शेतकऱ्याला सांगणारा एकही रकाना या पत्रिकेत नाही. तो रकाना उघडावा, निदान जोखमीच्या पट्ट्यांत तरी उघडावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

वायुरूप प्रदूषके आणि धातू यांत एक मूलभूत भेद आहे. कार्बन मोनॉक्साइड रक्तातील हिमोग्लोबिनला घट्ट चिकटून प्राणवायूची वाट अडवतो; सल्फर आणि नायट्रोजनची ऑक्साइडे श्वासनलिकांचा दाह वाढवतात; पीएम २.५ या नावाने ओळखले जाणारे अतिसूक्ष्म कण वायुकोशांपर्यंत पोचतात, त्यांतले सर्वांत बारीक रक्तातही शिरतात, आणि म्हणून त्यांची किंमत फुप्फुसांइतकीच हृदयाला व मेंदूलाही मोजावी लागते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या सहभागाने झालेल्या अभ्यासाने २०१९ या एका वर्षात देशातील सुमारे १६.७ लाख मृत्यूंचा संबंध हवेच्या प्रदूषणाशी जोडला होता. हा आकडा भयंकर आहेच. तरीही वायू विरतात, त्यांचे रासायनिक रूपांतर होते, आणि उगम थांबला तर हवा काही काळात निवळते. धातूचे तसे नाही. शिसे हे मूलद्रव्य आहे. ते कुजत नाही, जळून नाहीसे होत नाही, आणि ज्या कणावर स्वार होऊन आले तो विरला तरी मागे उरते.

पेट्रोलचेच पाहावे. फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल सक्तीचे झाले. आपल्या सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासातील हा एक मोठा निर्णय होता, आणि त्याचे जेवढे कौतुक व्हायला हवे होते तेवढे झाले नाही. पण त्याआधीच्या काही दशकांत रस्त्याकाठच्या जमिनीवर धुरातून जे शिसे उतरले, ते वरच्या थरात सेंद्रिय पदार्थाला धरून राहते. पाण्याबरोबर सहजी खोल झिरपत नाही.

शरीरातही हे धातू असेच मुक्काम करून राहतात. शिसे कॅल्शियमची जागा घेत हाडांत साठते, तिथे दशकानुदशके राहते, आणि गर्भारपणात आईची हाडे झिजू लागली की रक्तात उतरून गर्भापर्यंत पोचते. बालकांच्या बुद्धीवरील परिणामांच्या दृष्टीने शिशाची कोणतीही सुरक्षित पातळी माहीत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. कॅडमियम मूत्रपिंडात साठते आणि तिथून अर्धे बाहेर पडायलाही दहा ते तीस वर्षे लागतात. जपानच्या तोयामा प्रांतात जिंझू नदीच्या पाण्यावर पिकलेला भात खाणाऱ्या, विशेषतः उतारवयातील स्त्रियांची हाडे इतकी ठिसूळ झाली, की त्यांच्या विव्हळण्यावरूनच त्या आजाराला ‘इताई-इताई’ हे नाव पडले. नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या खाणीतून आलेले कॅडमियम हे त्याचे मूळ असल्याचे जपान सरकारने १९६८ मध्ये मान्य केले.

आपल्याकडे या साऱ्यात आणखी एक पदर मिसळतो. शरीरात लोह कमी असले की आतड्याची लोह शोषण्याची यंत्रणा अधिक जोमाने काम करते, आणि त्याच दारातून कॅडमियम व शिसेही आत येतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के भारतीय स्त्रिया रक्तक्षयाने ग्रस्त आहेत. ताटातल्या भातात वा पालेभाजीत धातू तेवढाच असला तरी कुटुंबातील सर्वांच्या अंगी तो सारखा लागत नाही. शेतात राबणाऱ्या, चुलीच्या धुरात स्वयंपाक करणाऱ्या आणि शेवटी उरलेले जेवणाऱ्या स्त्रीच्या वाट्याला त्याचा मोठा हिस्सा येतो. हवेची गुणवत्ता हा शहरी प्रश्न आहे असे मानणाऱ्यांनी इथे थोडे थांबावे. २०१९ चा राष्ट्रीय स्वच्छ वायू कार्यक्रमही शहरांचीच यादी घेऊन निघाला; खेड्यात श्वास घेणारा माणूस त्या यादीत नाही.

अर्थात शेती केवळ सोसणारी नाही, ती यात भागीदारही आहे, आणि कृषी क्षेत्राच्या व्यासपीठावर हे आपणच बोलायला हवे. पंजाब-हरियाणातील भाताच्या पेंढ्याचे दोष सारा देश मोजतो. आपल्याकडच्या उसाच्या फडात पेटणाऱ्या पाचटाविषयी मात्र आपण मौन पाळतो. जमिनीवर फेकलेल्या युरियातून उडणारा अमोनिया हवेतील आम्लांशी संयोग पावून अतिसूक्ष्म कण तयार करतो. म्हणजे शेतकऱ्याच्या खिशातून गेलेले नत्रच कोणाच्या तरी फुप्फुसात बसते. स्फुरदयुक्त खतांचे मूळ असलेल्या रॉक फॉस्फेटमध्ये, विशेषतः गाळाच्या खडकांतून आलेल्यात, कॅडमियम असते आणि आपण हे खनिज बहुतांशी आयात करतो. युरोपीय संघाने २०२२ पासून अशा खतांत स्फुरदाच्या (पी₂ओ₅) दर किलोमागे ६० मिलिग्रॅम कॅडमियमची मर्यादा लागू केली.

ही मर्यादा धरून थोडा हिशेब करू. हेक्टरी ६० किलो स्फुरद दिले तर वर्षाला साडेतीन ग्रॅमच्या आसपास कॅडमियम पडेल. नांगरटीच्या थरातील मातीचे वजन सुमारे २२ लाख किलो धरले, तर पन्नास वर्षांत किलोमागे ०.०८ मिलिग्रॅमची भर पडते. हा आकडा घाबरण्याजोगा खचितच नाही. पण ज्या शेताला शहराचे सांडपाणी मिळते, जिथे औष्णिक विद्युत केंद्राची राख वाऱ्यावर येते, जिथे भंगारातल्या बॅटऱ्या उघड्यावर फोडून शिसे वितळवतात, तिथे हाच हिशेब झपाट्याने बदलतो. म्हणूनच सरसकट सर्व गावांत तपासणी हा शहाणपणाचा मार्ग नव्हे. दिल्लीतील यमुनेचे खादर, हैदराबादच्या खालचा मुशीकाठ, पुण्याच्या खाली मुळा-मुठेच्या पाण्यावरची शेती, मुंबईत रेल्वेमार्गाकडेची भाजी, चंद्रपूर-कोराडीच्या राखेच्या छायेतली गावे: सुरुवात कुठून करायची हे आपल्याला पुरेसे ठाऊक आहे.

मातीचा स्वभावही विचारात घ्यावाच लागतो. दख्खनच्या काळ्या जमिनीत चिकणमाती भरपूर आणि सामू चढा. ती कॅडमियमला आणि शिशाला धरून ठेवते, पिकाच्या मुळांना सहज देत नाही. कोकणातील जांभ्याची जमीन आम्लधर्मी, त्यात भाताचे पीक. कॅडमियमचे प्रमाण तितकेच असले तरी तिथे ते मुळांना अधिक मोकळे मिळते. भाताच्या खाचरात तर पेच आणखी गहन होतो. पाणी तुंबलेले असताना लोहाची ऑक्साइडे विरघळतात आणि त्यांना चिकटलेले आर्सेनिक सुटते. गंगेच्या खोऱ्यात बंगाल-बिहारच्या भातात आर्सेनिक येते त्यामागे हे एक कारण आहे. आलटूनपालटून पाणी देऊन खाचर मधूनमधून सुकू दिले तर आर्सेनिक कमी होते, पण मातीत कॅडमियम असेल तर तेच नेमके मोकळे होते. पाणी वाचवण्याचा एक उत्तम सल्ला एका जिल्ह्यात वरदान आणि दुसऱ्यात उपद्रव ठरू शकतो. कोणता जिल्हा कोणत्या गटात मोडतो, हे माती तपासल्याखेरीज सांगणार कसे?

खर्चाचा आक्षेप येईल. पण आपल्या माती परीक्षण प्रयोगशाळांत जस्त, लोह, तांबे आणि मंगल मोजण्यासाठी डीटीपीएच्या द्रावणात माती घुसळून अर्क काढतातच. त्याच अर्कात मुळांना उपलब्ध होऊ शकणारे कॅडमियम, शिसे आणि निकेलही उतरलेले असते. चार घटकांचे वाचन झाले की तो अर्क मोरीत ओततात. ज्या प्रयोगशाळांत अणुशोषण यंत्र आहे तिथे आणखी दोन-तीन धातूंचे दिवे आणि प्रमाण द्रावणे मिळाली की हे वाचन शक्य आहे. आर्सेनिकला हा मार्ग चालत नाही, त्याला वेगळी पद्धत लागते; ते काम विद्यापीठांनी आणि संशोधन संस्थांनी पूर्व भारतात आधी हाती घ्यावे. शहरी कंपोस्टमधील कॅडमियम, शिसे, पारा यांच्या मर्यादा खत नियंत्रण आदेशाने केव्हाच ठरवून दिल्या आहेत. कंपोस्टला लावलेली ही कसोटी ते ज्या मातीत पडते तिला न लावणे तर्काला धरून नाही.

दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. पत्रिकेवर कॅडमियमचा आकडा छापला गेला आणि तो व्यापाऱ्याच्या कानावर गेला, तर त्या शेतकऱ्याचा माल घेणार कोण? ही भीती खोटी नाही. सांडपाणी त्याने सोडलेले नसते, राख त्याने उडवलेली नसते, आणि बाजारात शिक्षा मात्र त्यालाच होईल. म्हणून आकडा शेतकऱ्याच्या हाती गोपनीय द्यावा, तालुक्याचा नकाशा तेवढा सार्वजनिक करावा, आणि आकड्यासोबत सल्ला असलाच पाहिजे. आम्ल जमिनीत चुना, जिथे जस्त कमी तिथे जस्त, भरपूर सेंद्रिय खत. पालेभाज्यांच्या पानांत कॅडमियम लवकर चढते म्हणून त्यांच्याऐवजी फळभाज्या. आणि जमीन फारच बिघडली असेल तर कापूस, एरंडी किंवा फुले. गृहिणीलाही एक गोष्ट सांगता येईल: पालेभाजीवरचे शिसे बहुतांशी धुळीतून आलेले असते, ते चांगले धुतल्याने पुष्कळ कमी होते, कॅडमियम पानाच्या आत असते, ते धुऊन जात नाही. पीक बदलताना उत्पन्नात पडणारी तूट कोणी भरायची, याचे उत्तर प्रदूषण करणाऱ्याकडून भरपाई घेण्याच्या तत्त्वात आहे. हे तत्त्व आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच, राजस्थानातील बिछडी गावच्या विषारी विहिरींच्या खटल्यात, मान्य केले आहे. त्यानुसार दावा मांडायचा तर शेतकऱ्याच्या हाती त्याच्या मातीचा आकडा हवा, आणि तो त्याला आज ना तलाठ्याकडे मिळतो ना कृषी कार्यालयात.