ट्रॉम्बेच्या धक्क्यावरून गळ टाकायला होडी मिळेल का? गोष्ट वाटते तितकी सोपी नाही

दोन्ही हातांत मोठा मासा, मागे समुद्र आणि चेहऱ्यावर हसू. असं एखादं रील तुमच्याही समोर आलंच असेल. बाहेरच्या देशांत हा रीतसर धंदा आहे. दिवसभरासाठी होडी भाड्याने घ्यायची, सी-ब्रीमसाठी गळ टाकायचे आणि संध्याकाळी घरी. या जातकुळीच्या माशाला गोव्याकडे पालू म्हणतात.

मग मुंबईकराला प्रश्न पडतो. मानखुर्दच्या पुढे ट्रॉम्बे कोळीवाडा आहे, धक्का आहे, होड्या आहेत. तिथून का नाही?

पहिली अडचण कागदाची. कोळ्याची होडी मासेमारीसाठी नोंदलेली असते. पैसे घेऊन माणसं नेली की ती प्रवासी होडी ठरते. त्यासाठी वेगळी तपासणी, वेगळा परवाना आणि किती माणसं बसवायची याचा ठरलेला आकडा लागतो. हा आकडा नुसता कागदावरचा नसतो. १८ डिसेंबर २०२४ ला घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली आणि १५ जणांचा जीव गेला. धडक स्पीडबोटीची होती हे खरं, पण ८४ प्रवासी आणि ६ कर्मचारी एवढाच परवाना असलेल्या बोटीवर शंभराहून जास्त माणसं होती.

दुसरी अडचण पाण्याची. धक्क्यावरून दक्षिणेला निघालं की उजव्या हाताला भाभा अणुसंशोधन केंद्राचा किनारा. तिथे जवळ फिरकायची सोय नाही. अटल सेतूवरूनही हा भाग दिसू नये म्हणून कठड्याला आडोसे लावलेत, यावरून काय ते समजा. उत्तरेला गेलं तर वाशीच्या पुलांपलीकडे २०१५ मध्ये जाहीर झालेलं फ्लेमिंगो अभयारण्य. शिवाय ओहोटीला खाडीत नुसता चिखल उरतो, त्यामुळे निघायची वेळ गिऱ्हाईक नाही, भरती ठरवते.

पण खरा पेच पुढे आहे: खाडीतल्या माशांवर हक्क कुणाचा?

वाशीच्या तिसऱ्या खाडीपुलाच्या कामामुळे मासेमारीवर परिणाम होतोय म्हणून मच्छीमारांची एक सहकारी संस्था मुंबई उच्च न्यायालयात गेली होती. ऑगस्ट २०२१ च्या निकालात न्यायालयाने परंपरागत मासेमारी हा या लोकांच्या उपजीविकेचा हक्क असल्याचं मान्य केलं आणि भरपाईचं धोरण ठरवायला सांगितलं. पुढे २०२३ मध्ये राज्याने प्रकल्पबाधित मच्छीमारांसाठी असं धोरण आणलं.

आता भरपाई मागायची तर आपण मासेमारी करतो हे दाखवावं लागतं. होडीची नोंद आणि परवाना हा त्यातला मोठा पुरावा. अशा वेळी एखाद्याने चार पैसे जास्त मिळतात म्हणून होडीची नोंद प्रवासी म्हणून करून घेतली, तर उद्या पुढच्या पुलाच्या वेळी तो मच्छीमार म्हणून उभा राहणार कसा? चिखलात उतरून निवट्या, कालवं, चिंबोऱ्या गोळा करणाऱ्या बायकांकडे तर होडीच नसते. त्यांचा पुरावा आधीच कच्चा.

त्यात माशाचा स्वभावही आडवा येतो. काळा पालू आणि आपल्या खाडीतला लाडका जिताडा, दोघेही आधी नर असतात आणि वाढल्यावर मादी होतात. म्हणजे फोटोसाठी हवा असलेला थोराड मासा बहुतेक वेळा अंडी घालणारी मादीच असते. जाळ्यातही ती सापडते, मान्य. पण हौशी माणूस मुद्दाम तिलाच शोधत येतो.

मग हे कधी होऊच शकत नाही का? तसंही नाही. ऐरोलीच्या केंद्रातून भरतीच्या वेळा पाहून फ्लेमिंगो दाखवायला होड्या जातात. गळासाठी तसं करायचं तर होडीवाल्याची मच्छीमार ही नोंद कायम ठेवून हंगामी प्रवासी परवाना देता येईल का, हे आधी सरकारला ठरवावं लागेल. मोठा मासा फोटो काढून परत सोडायचा, ही अटही त्यातच घालता येईल.

तोवर धक्क्यावर कुणी 'चला, फिरवून आणतो' म्हणालं, तर होडीचा प्रवासी परवाना आणि लाइफ जॅकेट आधी बघा, भाड्याचं नंतर बोला.