पत्ता धाराशिवचा, रहिवास कोठला?

उस्मानाबाद जिल्ह्याचे नाव २०२३ मध्ये धाराशिव झाले आणि नामांतराला दिलेले आव्हान मुंबई उच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये फेटाळले. नाव बदलले की कागदोपत्री पत्ताही बदलावा लागतो, हे त्यानिमित्ताने अनेकांच्या ध्यानात आले. मात्र नोकरदाराच्या वेतननोंदीत आणखी एक रकाना असतो. त्याचा पत्त्याशी संबंध नसतो. पण तो चुकला तर थेट पगाराला कात्री लागते. हा रकाना म्हणजे प्राप्तिकर कायद्यानुसार कर्मचारी निवासी आहे की अनिवासी, याची नोंद.

तहसील कार्यालयातून मिळणारा रहिवासी दाखला किंवा अधिवास प्रमाणपत्र येथे उपयोगी पडत नाही. आई-वडील उमरग्यात असोत, शेतजमीन तुळजापूर तालुक्यात असो किंवा पासपोर्ट भारताचा असो. करासाठीचा रहिवास प्रामुख्याने दिवसांच्या मोजणीवर ठरतो आणि तो दरवर्षी नव्याने ठरतो. पुण्यातील कंपनीत रुजू होऊन तेथून परदेशी जाणाऱ्या मराठवाड्यातील तरुणांच्या बाबतीत गोंधळ होतो तो नेमका येथेच.

दिवसांचा हिशेब

प्राप्तिकर कायदा, १९६१ च्या कलम ६ नुसार आर्थिक वर्षात १८२ किंवा त्याहून अधिक दिवस भारतात राहणारी व्यक्ती निवासी ठरते. वर्षात किमान ६० दिवस आणि मागील चार वर्षांत मिळून ३६५ दिवस वास्तव्य असले, तरीही ती निवासीच होय. मात्र परदेशी नोकरीसाठी देश सोडणाऱ्या भारतीय नागरिकाला त्या वर्षी ६० ऐवजी १८२ दिवसांची मर्यादा लागू होते. प्राप्तिकर कायदा, २०२५ मध्येही मोजणीची ही पद्धत कायम ठेवण्यात आली आहे.

समजा, एक अभियंता १० सप्टेंबरला परदेशी नोकरीसाठी निघाला. १ एप्रिलपासून त्याचे १६३ दिवस भरतात. म्हणून तो अनिवासी. त्याचाच सहकारी ५ ऑक्टोबरला निघाला, तर १८८ दिवस भरतात, तो निवासी. पहिल्याने त्याच वर्षी नवरात्रासाठी गावी येऊन तीन आठवडे मुक्काम केला, तर त्याचेही दिवस १८२ च्या पुढे जातात. पुढील वर्षांत सुटीवर येणाऱ्यांना साधारणतः १८२ दिवसांची सवलत मिळते. परंतु परदेशी उत्पन्न वगळून १५ लाख रुपयांहून अधिक उत्पन्न असणाऱ्यांसाठी २०२०-२१ पासून ही मर्यादा १२० दिवसांवर आणण्यात आली.

चुकीची किंमत

परदेशातून परतलेल्या कर्मचाऱ्याची नोंद ‘अनिवासी’ अशीच राहिली, तर काय होते? आर्थिक वर्ष २०२५-२६ मध्ये नव्या करप्रणालीत १२ लाख रुपयांपर्यंतच्या करपात्र वेतन-उत्पन्नावर करमाफी आहे. पण कलम ८७अ ची ही सवलत केवळ निवासी व्यक्तीला मिळते. अनिवासी व्यक्तीला त्याच १२ लाखांवर ६० हजार रुपये कर आणि चार टक्के उपकर, असे एकूण ६२ हजार ४०० रुपये भरावे लागतात. म्हणजे एका चुकीच्या नोंदीमुळे शून्य कर असलेल्या माणसाच्या पगारातून दरमहा पाच हजारांहून अधिक रक्कम कापली जाऊ शकते.

उलट चूक अधिक घातक. अनिवासी कर्मचाऱ्याला निवासी धरून सवलत दिली, तर कमी कापलेल्या कराचे व्याज कंपनीला आणि कर्मचाऱ्याला, दोघांनाही भोवू शकते. शिवाय सर्वसाधारण निवासी व्यक्तीचे जगभरातील उत्पन्न भारतात करपात्र ठरते आणि परदेशातील बँक खातीही तिला विवरणपत्रात दाखवावी लागतात. मागील सात वर्षांत भारतातील वास्तव्य ७२९ दिवसांपेक्षा अधिक नसेल, तर यातून बरीच सूट मिळते. दोन-तीन वर्षांत परतणाऱ्यांना मात्र सहसा या तरतुदीचा लाभ होत नाही.

दुरुस्ती केव्हा, कशी?

येथे वेळेला महत्त्व आहे. कलम १९२(३) नुसार कमी-अधिक झालेली कपात त्याच आर्थिक वर्षातील पुढील पगारांतून जुळवून घेण्याची मुभा मालकाला असते. त्यामुळे मार्चचा पगार होण्यापूर्वीच लेखी अर्ज करणे श्रेयस्कर. सोबत पासपोर्टवरील आगमन-निर्गमनाच्या शिक्क्यांच्या प्रती, विमानप्रवासाची कागदपत्रे आणि वर्षवार दिवसांचा तक्ता जोडावा. वर्ष उलटून गेल्यावर कापलेली जादा रक्कम कंपनी पगारातून परत करू शकत नाही. विवरणपत्र भरून परताव्याची वाट पाहावी लागते. विवरणपत्रातही योग्य दर्जा नोंदवला पाहिजे. २०२५-२६ पर्यंतच्या उत्पन्नासाठी असलेला ‘आयटीआर-१’ हा सोपा नमुना अनिवासींना वापरता येत नाही.

बँकेतील अनिवासी खाते हा रहिवासाचा पुरावा मानणेही चूकच. ते खाते परकीय चलन व्यवस्थापन कायद्यानुसार चालते आणि त्या कायद्यातील रहिवासाची व्याख्या वेगळी आहे.

कर्मचाऱ्याचा दर्जा दरवर्षी बदलू शकतो. नोंद मात्र कुणी बदलेपर्यंत तशीच राहते. म्हणून परदेशी माणसे पाठवणाऱ्या कंपन्यांनी वर्षारंभी आणि वर्षअखेरीस अशा कर्मचाऱ्यांकडून दिवसांचे निवेदन घ्यावयास हवे. कर्मचाऱ्यानेही पगाराच्या पावतीवरील निव्वळ रक्कम पाहून समाधान मानू नये. घरचा पत्ता कायम असला तरी करासाठीचा रहिवास कायम नसतो, हे दोघांनीही लक्षात घेतले पाहिजे.