जाणत्या मुलाचे दत्तक आणि ख्रिस्ती श्रद्धा

आपल्या परदेशस्थ मराठी मंडळातील जी कुटुंबे दत्तकाचा विचार करतात त्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा पाळण्यातले मूल असते, आणि आठ-दहा वर्षांच्या मुलाची गोष्ट निघाली की, ज्या घरांत प्रार्थनेवाचून दिवस उजाडत नाही त्या घरांतसुद्धा, बोलणे आवरते घेतले जाते. मी वाशीमच्या एका ख्रिस्ती घरात वाढलो. ख्रिस्ती म्हणवणाऱ्या माणसाला तरी जाणत्या मुलाचा प्रश्न टाळता येणार नाही, असे माझे ठाम मत आहे. परंतु त्याच्या जोडीला माझे आणखी एक म्हणणे आहे आणि ते मला अधिकच निकडीचे वाटते. श्रद्धेने त्या मुलासाठी आपले दार उघडावे. मात्र आत आलेल्या मुलावर तिने आपली अट घालू नये.

माझ्या ह्या मतामागे माझ्या गावाचा इतिहास आहे. वाशीम हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वऱ्हाडातील एका स्वतंत्र जिल्ह्याचे ठाणे होते. १९०५ साली तो जिल्हा मोडून अकोल्यात सामील करण्यात आला आणि १ जुलै १९९८ रोजी पुन्हा अस्तित्वात आला. त्या पहिल्या जिल्ह्याच्या अखेरच्या वर्षांत, १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ लागोपाठ पडले. अमेरिकेच्या मेथॉडिस्ट एपिस्कोपल मंडळीचे मिशन त्या काळी वाशीमला होते आणि दुष्काळाने पोरकी झालेली मुले तेथे आश्रयाला आली. त्याच सुमारास पंडिता रमाबाई मध्य प्रांतातील दुष्काळी मुलुखात हिंडून सुमारे तीनशे मुली घेऊन आल्या, व पुढे केडगावचे मुक्तिसदन त्यांच्यासाठी उभे राहिले. मुलग्यांची तजवीज दौंड येथे अल्बर्ट नॉर्टन ह्या मिशनऱ्यांनी केली. रमाबाईंना ह्या कामासाठी कोणी उपदेश करण्याची गरज नव्हती. त्यांच्या वयाच्या सोळा-सतराव्या वर्षी, १८७४ च्या सुमाराच्या दुष्काळी दिवसांत, वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई आणि थोरली बहीण एकामागून एक त्यांच्या डोळ्यांदेखत गेली होती. तेव्हा रस्त्याच्या कडेला बसलेली उपाशी मुलगी पाहताना त्यांना आपलेच पूर्वायुष्य आठवत असले पाहिजे.

ह्या इतिहासातील एका गोष्टीकडे आपले पुरेसे लक्ष गेलेले नाही. दुष्काळात तान्ही मुले आधी दगावतात. मिशनच्या दारापर्यंत पोहोचली ती बहुतेक चालती-बोलती, आईबापांचे मरण पाहिलेली, आपल्या गावाचे व कुळाचे नाव सांगू शकणारी मुले होती. वऱ्हाडातल्या आणि मध्य प्रांतातल्या कित्येक ख्रिस्ती घराण्यांची वंशावळ मागे नेली तर ती अशाच एखाद्या मुलापाशी येऊन थांबते. ज्या समाजाचे पणजोबा आणि पणज्या जाणत्या वयात परक्या दारी आल्या, त्या समाजातील माणसानेच 'एवढे मोठे मूल आपले कसे होईल?' असे विचारावे, ह्याचे मला मनापासून दुःख होते.

तथापि त्या आश्रमांचे केवळ गुणगान करून चालणार नाही. अन्न, औषध, अक्षर आणि हाताला हुन्नर ह्या चार गोष्टी त्यांनी दिल्या, त्या ऋणातून आम्ही उतराई होऊ शकत नाही. पण शेकडो मुलांच्या संस्थेत एका मुलाला आपले म्हणून ओळखणारे माणूस मिळणे कठीण असते. शिवाय भाकरीबरोबर धर्मही हाती आला तेव्हा, त्यात मुलाची स्वतःची इच्छा किती होती, हा प्रश्न त्या काळीही विचारला गेला. १८९३ साली पुण्यातील रमाबाईंच्या शारदासदन ह्या मुलींच्या शाळेतून अनेक पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या आणि न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांच्यासारख्या सल्लागारांनी आपला संबंध तोडला, त्याचे मूळ ह्याच प्रश्नात होते. रमाबाईंच्या प्रामाणिकपणाविषयी मला तिळमात्र शंका नाही. परंतु तो प्रश्न द्वेषबुद्धीचा म्हणून बाजूला सारता येत नाही, आणि आज एखादे ख्रिस्ती कुटुंब जाणते मूल घरी आणू पाहते तेव्हा तो पुन्हा उभा राहतो.

नव्या करारातील पौलाच्या पत्रांत, माणसाला देवाचे पुत्रत्व लाभते ते जन्माने नसून दत्तकाने, असा विचार वारंवार येतो. पौल रोमन साम्राज्याचा नागरिक होता, आणि रोमन कायद्यातील दत्तक हा पुष्कळदा वाढलेल्या मनुष्याचा असे. ऑगस्टसने तिबेरियसला दत्तक घेतले तेव्हा तिबेरियसने चाळिशी ओलांडली होती. म्हणजे ख्रिस्ती मनुष्य ज्या दृष्टांताच्या आधारे आपले तारण समजून घेतो, त्या दृष्टांतातील दत्तक मूल हे भूतकाळ असलेले, चुकलेले, पूर्वीच्या घराची आठवण बाळगणारे आहे. आपल्या महाराष्ट्रालाही ही रीत अपरिचित नव्हती. कवळाण्याच्या गोपाळरावांना बडोद्याच्या गादीवर सयाजीराव म्हणून १८७५ साली दत्तक घेतले गेले तेव्हा ते बारा वर्षांचे होते. कागलच्या घाटगे घराण्यातील यशवंतराव १८८४ साली कोल्हापूरचे शाहू छत्रपती झाले ते नवव्या वर्षी. राज्याला वारस हवा असताना मोठा मुलगा पारखून घेणे हे शहाणपणाचे ठरत असे. पण तेथे गरज गादीची होती, आणि ज्या दत्तकाविषयी मी लिहीत आहे तेथे गरज मुलाची आहे. हा फरक मान्य केला की गुण पारखण्याचा प्रश्नच उरत नाही.

कायद्याने मात्र ख्रिस्ती दांपत्यांना फार काळ ताटकळत ठेवले. १९५६ चा दत्तक कायदा हिंदू, बौद्ध, जैन व शीख यांच्यापुरता होता. ख्रिस्ती मनुष्याला १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली केवळ पालकत्वाचा हुकूम मिळे, जो मूल सज्ञान होताच संपुष्टात येई, आणि वारसाहक्काचे नाव नसे. कालांतराने मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती रिबेलो यांनी, कुटुंब मिळणे हा मुलाच्या जीविताच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे असे मानून, एका ख्रिस्ती दांपत्याला दत्तकाची वाट मोकळी केली. पुढे बाल न्याय कायद्याने, २००६ च्या दुरुस्तीने आणि २०१५ च्या नव्या अधिनियमाने, धर्माचा अडसर दूर झाला. सप्टेंबर २०२२ पासून दत्तकाचा अंतिम हुकूम न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात. परदेशस्थ भारतीयांना प्रतीक्षायादीत भारतातील रहिवाशांच्या बरोबरीचे स्थान आहे. आणि ज्या तरतुदीकडे मी विशेष लक्ष वेधू इच्छितो ती अशी, की पाच वर्षे व त्यावरील मुलाची स्वतःची संमती घ्यावी लागते. तान्ह्या मुलाला आपण निवडतो. जाणते मूल आपल्यालाही निवडते, किंवा नाकारते.

ही संमती केवळ एका सहीपुरती नसते. वाशीम जिल्ह्यात मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे बंजारा समाजाचे मोठे तीर्थ आहे, आणि त्या भागातले दहा वर्षांचे बंजारा मूल घरी गोरमाटी बोली बोलते, शाळेत मराठी वाचते आणि संत सेवालाल महाराजांचे नाव घेऊन झोपी जाते. अशा मुलाला आपल्या घरी आणल्यावर त्याचा देव दारात काढून ठेवायला सांगणे मला ख्रिस्ताच्या शिकवणीशी विसंगत वाटते. आपण जेवणापूर्वी प्रार्थना करू, रविवारी देवळात जाऊ, आणि ते सोबत आले तर आनंद मानू. पण त्याने बाप्तिस्मा मागितल्यावाचून तो देऊ नये, मागितला तरी घाई करू नये, आणि सुटीत मायदेशी गेलो असता त्याला पोहरादेवीला जावेसे वाटले तर आपणच त्याला घेऊन जावे. माझ्या काही धर्मबंधूंना हे बोलणे सैल वाटते. त्यांचे म्हणणे असे, की जे आपल्याला सर्वांत मोलाचे तेच मुलाला न देणे हा प्रेमातला अपुरेपणा आहे. ह्या युक्तिवादात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. परंतु ज्याने घर, भाषा आणि माणसे गमावली, ते मूल आश्रय टिकावा म्हणून आपण सांगू त्याला 'हो' म्हणेल. आणि भीतीने दिलेला तो होकार देवापुढे श्रद्धा म्हणून नेण्याचा आपल्याला कोणता अधिकार?

येथे आपल्यासारख्या परदेशस्थ मराठी घरांचा एक हक्काचा वाटा आहे. तान्हे मूल कोणत्याही भाषेत वाढते. नऊ वर्षांच्या मुलाला मात्र आपले भय, आपला राग, मेलेल्या आईची आठवण, हे सारे त्याच्या भाषेतच सांगता येते. मोठ्या वयाची पुष्कळ मुले परदेशी कुटुंबे स्वीकारतात, आणि त्यांच्या औदार्यापुढे मी नम्र आहे. तरीही रात्री दचकून उठलेल्या मुलाचे वऱ्हाडी बोलणे ज्याला समजते असा बाप त्याला मिळू शकत असताना तो मिळू नये, हे मला पटत नाही.

अडचणी मोठ्या आहेत. उशीखाली पोळ्या लपवणारे, पहिल्या महिन्यात अतिशय गोड वागून पुढे घराची परीक्षा पाहणारे, 'तू माझी आई नाहीस' असे तोंडावर सांगणारे मूल येऊ शकते, आणि केवळ दयेच्या भरात घेतलेला निर्णय अशा वेळी तग धरत नाही. घेतलेली मुले परत पाठवल्याची उदाहरणे आढळतात, आणि त्या मुलावर तो दुसरा आघात पहिल्याहून खोल असतो. म्हणून ज्यांना हाक ऐकू आल्यासारखी वाटते त्यांनी ती वर्षभर तपासावी, घरातील आधीच्या मुलांचे मत घ्यावे, आणि भावंडे असतील तर त्यांची ताटातूट न करता दोघा-तिघांना एकत्र घेण्याची आपली ऐपत आहे का, हे अर्ज भरण्याआधी ठरवावे. आपल्या मंडळाने एवढे करावे: अशा घराला पहिली दोन वर्षे आळीपाळीने हातभार लावतील अशी पाच-सहा कुटुंबे, मग ती कोणत्याही धर्माची असोत, आजच नेमून ठेवावीत, आणि त्यांत वऱ्हाडी किंवा गोरमाटी बोलणारे निदान एक घर असावे.