तंबूतला ओलावा आणि हवेचा हिशेब

दोन फूट लांब, दोन फूट रुंद आणि साडेचार फूट उंच. घरात धिंगरी अळिंबी पिकवण्यासाठी जे लहान तंबू तयार मिळतात, त्यांत हे माप सर्रास दिसते. त्यात हवा मावते जेमतेम अर्धा घनमीटर. २५ अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवा जास्तीत जास्त २३ ग्रॅम वाफ धरून ठेवते. म्हणजे या तंबूतली हवा फार तर साडेअकरा ग्रॅम धरणार. खोलीत आर्द्रता ४० टक्के असेल आणि तंबूत ९० टक्के हवी असेल, तर हवेत घालायची भर सहा ग्रॅमही भरत नाही. चहाच्या चमच्याने मोजावे एवढेच पाणी. या एवढ्याशा पाण्यासाठी तासाला २०० ते ३०० मिलिलिटर धुके सोडणारा ह्युमिडिफायर अनेक घरांत दिवसभर चालू असतो, आणि घरगुती अळिंबीची, भिजवलेला भुसा भरलेली पहिली पिशवी बहुधा तिथेच हातची जाते.

धिंगरीच्या माहितीपत्रकात एक ओळ हमखास असते: तापमान २० ते ३० अंश, आर्द्रता ८० ते ९० टक्के. ओळ खरी आहे. पण वाचणाऱ्याची नजर त्या टक्क्यांवर खिळते आणि ‘हवा खेळती ठेवा’ हा शेजारचा सल्ला मागे पडतो. ओलावा वाढवणारे यंत्र विकत मिळते. ताजी हवा आत घेतली की मात्र कमावलेला ओलावा बाहेर जातो, म्हणून लोक तंबूची चेन घट्ट लावून घेतात. अळिंबी प्राणवायू घेते आणि कार्बन डायऑक्साइड सोडते. बंद तंबूत तो साचत राहतो. फळे धरण्याच्या काळात धिंगरीला तो दहा लाख भागांत साधारण हजाराच्या आत हवा असतो. त्याहून फार वाढला की देठ लांबत जातात, टोप्या चिमुकल्या राहतात आणि देठाच्या बुडाशी पांढरी लव धरते. नवखा माणूस हे पाहून ठरवतो की ओलावा कमी पडला, आणि फवारा आणखी वाढवतो. आजार रेड्याला आणि औषध पखालीला, तसे होते.

अळिंबीला लागणारा ओलावा नेमका कशासाठी असतो, हे मुळातून समजून घेतले तर ही चूक टळते. ताज्या अळिंबीत ९० टक्क्यांच्या आसपास पाणी असते आणि ते मुख्यतः बेडमधून, म्हणजे भिजवलेल्या भुशातून किंवा काडातून वर येते. टोपीच्या पृष्ठभागावरून थोडे थोडे पाणी उडत राहते, त्या ओढीने खालचे पाणी आणि अन्न वर चढते. हवा फार कोरडी असेल तर पाणी वर येण्यापेक्षा वेगाने उडून जाते; टोपीच्या कडा तडकतात आणि टाचणीच्या डोक्याएवढे नुकते फुटलेले अंकुर पिवळे पडून सुकतात. उलट हवा वाफेने पूर्ण भरली तर पाणी उडणेच थांबते आणि वाढ मंदावते. म्हणून ८० ते ९० टक्के ही शिफारस म्हणजे पाणी सावकाश उडण्याची सोय आहे. ‘जितके जास्त तितके चांगले’ असा तिचा अर्थ काढणे पिकाच्या मुळावर येते.

पूर्ण भरलेल्या हवेत आणखी एक संकट वाट पाहत असते. टोपीवर पाण्याचा पातळ थर तासन् तास राहिला की पिवळसर-तपकिरी, चिकट डाग उमटतात. अमेरिकेत तोलास यांनी १९१५ मध्ये या जिवाणूजन्य रोगाची नोंद केली आणि १९१९ मध्ये इंग्लंडमध्ये पेन यांनी त्या जिवाणूचे वर्णन केले. आज तो स्यूडोमोनास तोलासी या नावाने ओळखला जातो. बटन आणि धिंगरी दोघींनाही तो सोडत नाही. शंभर वर्षांच्या अनुभवातून निघालेला त्यावरचा उपाय अगदी साधा आहे: पाणी मारल्यानंतर दोन-तीन तासांत टोप्या वरून कोरड्या झाल्या पाहिजेत. तंबूत हात घालून टोपीवर बोट फिरवले तरी हे कळते, आणि आर्द्रतामापकाच्या पडद्यावरच्या आकड्यापेक्षा ही खूण अधिक भरवशाची आहे.

रात्रीचे गणित वेगळेच. २५ अंशांना ९० टक्के आर्द्रता असलेली हवा २३ अंशांपर्यंत निवली, की तिच्यातली वाफ पाणी होऊन बाहेर पडू लागते. फक्त दोन अंश! गॅलरीतल्या किंवा खिडकीलगतच्या तंबूत पहाटे एवढा फरक सहज पडतो. तंबूच्या आतल्या भिंती घामेजलेल्या पाहून अनेकांना समाधान वाटते, पण तेच पाणी टोप्यांवरही बसलेले असते. तंबू आतल्या भिंतीशी ठेवणे आणि रात्री धुके बंद करून पंखा चालू ठेवणे, एवढ्याने अर्धी लढाई जिंकता येते.

धुके म्हणजे वाफ नव्हे, हेही ठासून सांगायला हवे. अल्ट्रासॉनिक ह्युमिडिफायर पाण्याचे सूक्ष्म थेंब हवेत उडवतो. त्या थेंबांची वाफ व्हायला उष्णता लागते, एका ग्रॅमला सुमारे २४०० ज्यूल, आणि अर्ध्या घनमीटर हवेत ती फारशी नसतेच. थेंब हवा गार करतात आणि उरलेले खाली बसतात: पिशवीवर, अंकुरांवर, टोप्यांवर. शिवाय पाण्यातले क्षारही थेंबाबरोबर उडतात. बोअरचे जड पाणी वापरले तर सगळीकडे पांढरी पूड दिसते. टाकीत साचलेल्या पाण्यात जिवाणू वाढले की तेही हवेत जातात. यंत्र वापरायचेच असेल तर त्यात आरओचे पाणी घालावे, टाकी रोज रिकामी करून धुवावी आणि टायमर लावून मिनिटभराचे धुके, मग मोठी विश्रांती असा क्रम ठेवावा. पण लहान तंबूला त्याहून चांगला उपाय आपल्याकडच्या अळिंबीच्या शेडमध्ये वर्षानुवर्षे चालत आला आहे. ओले गोणपाट. तंबूच्या तळाशी पाण्याचा ट्रे, त्यात बुडवलेले स्वच्छ तरट किंवा जाड सुती कापड आणि त्यावरून वाहणारा छोट्या पंख्याचा वारा. कापडातून फक्त वाफ निघते, थेंब उडत नाहीत. कापड कोरड्या हवेत जास्त पाणी देते, दमट हवेत आपोआप कमी. ते दर दोन-तीन दिवसांनी उकळून घ्यावे लागते, नाहीतर हिरव्या ट्रायकोडर्मा बुरशीचे घर त्यातच होते.

आता पुन्हा हिशेबाकडे. तासाला चार वेळा तंबूतली हवा बदलायची ठरवली आणि खोलीत ४० टक्के आर्द्रता असली, तर प्रत्येक वेळी ते सहा ग्रॅम नव्याने द्यावे लागतात. दिवसाला साधारण अर्धा लिटर. हीच खोली जुलैतल्या मुंबईत किंवा रत्नागिरीत असेल आणि आर्द्रता ८५ टक्के असेल, तर त्याच कामाला अर्ध्या लिटरच्या दहाव्या हिश्शाएवढे पाणी पुरते. म्हणजे कोकणातल्या पावसाळ्यात ह्युमिडिफायर जवळजवळ निरुपयोगी आणि पंखा सर्वांत मोलाचा. पुण्यात फेब्रुवारीत तोल ओलाव्याच्या बाजूला झुकतो. एप्रिल-मेमध्ये नागपुरात दुपारची आर्द्रता २० टक्क्यांच्या घरात जाते आणि तापमान ४० पार करते, तेव्हा धिंगरीसाठी यंत्रांशी झुंजण्यात अर्थ नाही. त्या दिवसांत दुधी अळिंबी लावावी. पुरकायस्थ आणि चंद्रा यांनी १९७४ मध्ये पश्चिम बंगालमधून तिचे वर्णन केले, कोइमतूरच्या तमिळनाडू कृषी विद्यापीठाने तिची लागवड शेतकऱ्यांपर्यंत नेली, आणि ३० ते ३५ अंशांत ती उत्तम येते. ओलावा तिलाही ८० टक्क्यांवर लागतोच, पण थंडावा पैदा करण्याचा खर्च वाचतो. बटन अळिंबीला फळे धरताना १४ ते १८ अंश लागतात; वातानुकूलन नसलेल्या घरात तिच्या नादी कोणी लागू नये.

आणि लागवडीनंतरचे पहिले दोन-तीन आठवडे? अळिंबीची पांढरी बुरशी पिशवीभर पसरत असताना तिला लागणारा ओलावा भुशातच असतो, पिशवी बंद असते. तेव्हा खोलीत धुके सोडणे हे वाया गेलेले वीजबिल आहे.

मोजमापाची अवस्था याहून काळजीची. स्वस्त डिजिटल हायग्रोमीटर, म्हणजे आर्द्रतामापक, पाच टक्के इकडेतिकडे दाखवतात आणि ९० टक्क्यांच्या वर तर त्यांच्यावर विसंबणेच नको. धुक्याच्या तोंडाशी टांगलेला सेन्सर भिजला की बराच वेळ ९९ वर अडून बसतो. तो पिशव्यांच्या उंचीवर, धुक्यापासून दूर असावा. त्याची परीक्षा स्वयंपाकघरात होते: बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन ते ओलसर चिखलासारखे होईल एवढेच पाणी घालावे, मीठ विरघळू देऊ नये, आणि झाकण व हायग्रोमीटर हवाबंद डब्यात रात्रभर ठेवावे. आकडा ७५ यायला हवा. जेवढा फरक दिसेल, तेवढी त्या यंत्राची चूक. याहून खात्रीची जुनी रीत म्हणजे दोन तापमापी. एकाच्या टोकाला ओली मलमल गुंडाळून दोन्हींवर वारा घालायचा. २५ अंशांच्या आसपास दोघांत एका अंशाचा फरक पडला तर आर्द्रता सुमारे ९२ टक्के, दोन अंशांचा पडला तर ८४, तीनचा पडला तर ७७. याला बॅटरी लागत नाही.

घरातल्या माणसांचाही विचार व्हायला हवा. तंबूतून रोज निघणारा अर्धा लिटर पाण्याचा ओलावा खोलीतच सोडला तर आधी भिंतींवर बुरशी चढते. धिंगरी तर पिकल्यावर बीजाणूंची पांढरी धूळ भरभरून सोडते, आणि बंद शेडमध्ये काम करणाऱ्यांना या धुळीमुळे होणारा फुप्फुसाचा विकार वैद्यकशास्त्राला चांगला परिचित आहे. टोपीची कड सपाट होऊन वर वळण्याआधीच काढणी करावी, पंख्याची नळी खिडकीबाहेर काढावी, आत काम करताना मास्क लावावा. घरात दम्याचा रुग्ण किंवा लहान मूल असेल तर तंबू झोपायच्या खोलीत नकोच.

सोलनच्या अळिंबी संशोधन संचालनालयापासून पुण्याच्या कृषी महाविद्यालयातल्या अळिंबी प्रकल्पापर्यंत आपल्याकडे या विषयाचे ज्ञान भरपूर आहे. बटन अळिंबीच्या मोठ्या कारखान्यांत तापमान, आर्द्रता आणि कार्बन डायऑक्साइड ही तिन्ही एकाच यंत्रणेतून सांभाळली जातात, कारण एकाला हात लावला की बाकीची दोन हलतात. घरगुती लागवडीच्या आणि बचत गटांच्या प्रशिक्षणातही ही तिन्ही एकत्रच शिकवावीत; स्पॉन (अळिंबीचे बियाणे) आणि भुसा यांच्याइतकाच वेळ हवेच्या हिशेबाला द्यावा आणि प्रत्येक प्रशिक्षणार्थीने दोन तापमापींवरून आर्द्रता स्वतः काढून पाहिल्याशिवाय प्रमाणपत्र देऊ नये. तंबूचे संच विकणाऱ्यांनी ह्युमिडिफायरच्या आधी पंखा, तापमापींची जोडी आणि मराठीतला ऋतुनिहाय तक्ता द्यावा. या तीन वस्तूंनी संचाची किंमत फारशी वाढणार नाही.